लाउडनमध्ये राहता? मग फायर-रेस्क्यूचा उपयोग असा करून घ्या

व्हर्जिनियातल्या लाउडन काउंटीत नवं घर घेणाऱ्या मराठी माणसाला शाळांचं रेटिंग पाठ असतं, एचओएचे, म्हणजे वसाहतीच्या घरमालक संघाचे, नियम पाठ असतात, कुठल्या दुकानात चांगलं कोकम मिळतं तेही ठाऊक असतं. आपल्या घराकडे बंब कुठल्या स्टेशनातून येतो, असं विचारलं की मात्र गप्प. मी इथल्या एका व्हॉलंटिअर रेस्क्यू स्क्वॉडमध्ये ईएमटी म्हणून, म्हणजे रुग्णवाहिकेवर तातडीचे उपचार करणारी म्हणून, रात्रपाळ्या करते. माहेर मिरजेचं, त्यामुळे दवाखान्याचा वास लहानपणापासून नाकात बसलेला. मंडळाच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत लोक मला गाठतात आणि तेच ते विचारतात. बिल किती येतं? व्हिसा बघतात का? आईला इंग्रजी येत नाही, ती काय करणार? एकेकाला सांगत बसण्यापेक्षा सगळं एकदाच लिहून ठेवते.

येतं कोण?

१९९० साली या काउंटीत ८६ हजार माणसं राहत होती. २०२० च्या जनगणनेत ती ४ लाख २१ हजार झाली. अ‍ॅशबर्नला जिथे कुरणं होती तिथे टाउनहाउसच्या रांगा आणि खिडक्या नसलेली डेटा सेंटरं उभी राहिली. २०२२ च्या नोव्हेंबरात मेट्रोही येऊन पोचली. पश्चिमेला पर्सेलव्हिल, राउंड हिल, लव्हेट्सव्हिलकडे अजून शेतं, घोडे आणि वायनऱ्या आहेत. एकाच यंत्रणेला हे दोन्ही लाउडन सांभाळायचे असतात.

पूर्वी इथल्या गावकऱ्यांनी आपापल्या फायर कंपन्या आणि रेस्क्यू स्क्वॉड वर्गणीतून उभे केले. वस्ती वाढली तसे दिवसा घरी असणारे स्वयंसेवक कमी पडू लागले आणि काउंटीनं पगारी जवान भरले. आज दोघं ‘फायर-रेस्क्यू’ या एकाच छत्राखाली काम करतात. स्टर्लिंगमध्ये तर आग विझवणारी स्वयंसेवी कंपनी वेगळी आणि रुग्णवाहिका चालवणारा स्क्वॉड वेगळा. तुम्हाला हा जमाखर्च ठेवायची गरज नाही. तुम्ही ९११ हा तातडीचा नंबर फिरवायचा, योग्य आणि जवळची गाडी कुठली ते डिस्पॅचवाले बघतात. दारात आलेला माणूस पगारी आहे की स्वयंसेवक, हे त्याच्या कामावरून तुम्हाला ओळखता येणार नाही, कारण प्रमाणपत्राची परीक्षा दोघांनाही सारखीच असते.

९११ ला काय सांगायचं?

सगळ्यात आधी पत्ता. “माझ्या वडिलांच्या छातीत दुखतंय हो” हे नंतर. फोन तुटला, तुम्ही घाबरलात, काहीही झालं तरी पत्ता कळलेला असला की गाडी निघू शकते. मोबाइलवरून त्यांना तुमचं ठिकाण साधारण कळतं, पण टाउनहाउसच्या रांगेतलं नेमकं दार कळेलच असं नाही.

पत्त्यातलं शेवटचं शब्दशेपूट गिळू नका. आपल्याकडच्या वसाहतींत एकाच नावाचा ड्राइव्ह असतो, टेरेस असतो, स्क्वेअर असतो, कोर्टही असतो. बिल्डरला नावं सुचली नाहीत की त्याचा भुर्दंड आम्हाला रात्री दोन वाजता पडतो. साउथ रायडिंगकरांनी आणखी एक ध्यानात ठेवावं. तुमच्या पत्रांवर अनेकदा ‘शँटिली’ लिहिलेलं असतं आणि शँटिलीचा मोठा भाग शेजारच्या फेअरफॅक्स काउंटीत आहे. म्हणून ‘लाउडन काउंटी’ हे मुद्दाम म्हणा. सीमेजवळ राहत असाल तर फोन कधी पलीकडच्या काउंटीला लागतो. ते जोडून देतात, तेवढ्या शांततेत फोन ठेवायचा नाही.

मग प्रश्न सुरू होतात. शुद्धीवर आहेत का, श्वास चालू आहे का, वय किती. इथे आपली मंडळी हमखास चिडतात: “अहो, प्रश्न कसले विचारताय, आधी गाडी पाठवा!” गाडी निघालेली असते. प्रश्न विचारणारी व्यक्ती आणि गाड्या पाठवणारी व्यक्ती बहुधा वेगळ्या असतात. तुम्ही जी उत्तरं देता ती आम्हाला वाटेतच कळतात आणि आम्ही कुठली बॅग उचलून आत शिरायचं ते ठरवतो. श्वास थांबला असेल तर तीच व्यक्ती तुम्हाला छाती कशी दाबायची ते फोनवर मोजून सांगते. फोन स्पीकरवर टाका आणि सांगतील तसं करा. तुम्हाला येतं की नाही, याचा विचार तेव्हा करायचा नाही.

बोलणं शक्य नसेल तर लाउडनमध्ये ९११ ला टेक्स्टही करता येतो. पण बोलता येत असेल तर बोलाच. टेक्स्टमध्ये सवालजवाबाला वेळ जातो.

चुकून ९११ लागला तर घाबरून कट करू नका. भारतात फोन लावताना ०११-९१ च्या गडबडीत हे आपल्या लोकांकडून बरंच होतं. “सॉरी, मिसडायल, एव्हरीवन इज सेफ” एवढं सांगितलं की संपलं. कट केलात तर ते उलट फोन करतात, आणि तो उचलला नाही तर दारात पोलीस येऊ शकतात.

घरातला जुना, सिम नसलेला फोन मुलांना खेळायला दिलेला असतो. त्यावरूनही ९११ लागतो, पण त्या फोनवर त्यांना उलट फोन करता येत नाही. वायफाय कॉलिंग वापरत असाल तर सेटिंगमध्ये तातडीचा पत्ता कुठला नोंदवलाय तेही आजच बघा. घर बदललं तरी तिथे जुन्याच अपार्टमेंटचा पत्ता राहिलेला असतो.

आई-बाबा सहा महिन्यांसाठी आलेत

हा भाग मी सगळ्यात मन लावून लिहितेय, कारण सगळ्यात जास्त अडचण इथेच होते. मुलगा-सून कामावर, नातवंडं शाळेत, आणि घरात दोघं सत्तरीतले. त्यांच्या डोक्यात १०८ असतं, १०१ असतं, हल्ली ११२ असतं. ९११ नसतं.

फ्रिजवर एक कागद लावा. पत्ता मोठ्या देवनागरी अक्षरांत, जसा उच्चारायचा तसाच लिहा. त्याखाली चार वाक्यं:

“माय अ‍ॅड्रेस इज…”
“नीड अ‍ॅम्ब्युलन्स.” किंवा “फायर.”
“आय स्पीक मराठी. इंटरप्रीटर प्लीज.”
“डोअर इज ओपन.”

हे त्यांच्याकडून मोठ्यानं म्हणवून घ्या, दोनतीनदा. ९११ वर दुभाष्याला फोनवर जोडून घेण्याची सोय असते. मराठी दुभाषा मिळायला वेळ लागलाच तर हिंदी चालेल असंही बाबांना सांगून ठेवा, नाहीतर ते भाषेच्या अभिमानापोटी अडून बसायचे. त्यांचा फोन कुलूपबंद असला तरी ‘इमर्जन्सी’ दाबून कसा लावायचा तेही दाखवा.

कागदाशेजारी औषधांची यादी. नाव, किती मिलिग्रॅम, कधी. भारतातली ब्रँडची नावं इथे कुणाला कळत नाहीत, म्हणून गोळीच्या पाकिटावरचं मूळ औषधाचं नाव उतरवा. रक्त पातळ करणारी गोळी असेल तर ती लाल शाईनं, सगळ्यात वर. काढे आणि आयुर्वेदिक गोळ्याही लिहा, लाजू नका. अ‍ॅलर्जी, मागच्या शस्त्रक्रिया, प्रवासी विम्याचा नंबर, तुमचा फोन. माझ्या हातात असा कागद कुणी दिला की मला त्या घराला नमस्कार करावासा वाटतो.

आता संकोच. “अहो, उगाच एवढा गाजावाजा कशाला, सकाळी बघू, शेजारी काय म्हणतील” हे वाक्य मी इथल्या इतक्या दिवाणखान्यांत ऐकलंय की सासरे कुठल्या गावचे तेवढंच बदलतं. दुखणं अंगावर काढण्याची आपल्याला फार हौस. छातीत दडपण, एका बाजूचा हात गळणं, तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं, दम लागणं, यांत सकाळ नसते. आणि गाडीत घालून स्वतः रुग्णालयात नेऊ, हा विचारही करू नका. रुग्णवाहिकेत हृदयाचा आलेख तिथल्या तिथे निघतो, तो बघून रुग्णालयाला आधी कळवलं जातं आणि तुम्ही पोचता तेव्हा माणसं तयार उभी असतात. तुमच्या एसयूव्हीत हे होत नाही. शिवाय रूट २८ वर बाबांचा श्वास थांबला तर एक हात स्टिअरिंगवर ठेवून तुम्ही करणार काय? लॅन्सडाउनचं इनोव्हा लाउडन की दक्षिणेचं स्टोनस्प्रिंग्ज की आणखी लांब, हे दुखण्यावरून ठरतं. पक्षाघाताची शंका असेल तर घरच्या घरी अ‍ॅस्पिरिन देऊ नका, मेंदूत रक्तस्राव असेल तर ती घात करते.

छातीत दुखतं म्हणून सांगितलं आणि दारात लांबलचक लाल बंब येऊन उभा राहिला, तर “आग कुठाय?” म्हणून दचकू नका. रुग्णवाहिका दुसऱ्या कॉलवर गेलेली असते आणि बंब जवळ असतो. त्यातले जवान वैद्यकीय शिक्षण घेतलेले असतात, औषधं-उपकरणं असतात. हृदय थांबलेल्या माणसाला आळीपाळीनं छाती दाबायला चारपाच जोड्या हात लागतात. तिसऱ्या मजल्यावरच्या बेडरूममधून, टाउनहाउसच्या अरुंद जिन्यानं नव्वद किलोच्या आजोबांना खाली आणायलाही तेच लागतात.

आजी पडल्या, लागलं नाही, पण उठवत नाहीये? तरीही फोन करा. उचलून बसवून, तपासून जाणं हेही आमचं काम आहे. काखेत हात घालून ओढू नका, तुमचीही कंबर जाते.

बिलाचं असं आहे. रुग्णालयात नेलं तर नेण्याचं बिल होतं, ते आधी विम्याकडे जातं. नुसतं बोलावलं, तपासलं आणि नेलं नाही, तर नेण्याचं बिल होत नाही. पैसे नाहीत म्हणून कुणाला नाकारत नाहीत, आणि परवडत नसेल तर बिल आल्यावर त्यावरच्या नंबरवर बोलता येतं. पाकिटात ठेवून विसरू मात्र नका. व्हिसा कुणी विचारत नाही. मी आजवर कुणाचा पासपोर्ट बघितलेला नाही, बघायला वेळही नसतो.

विषारी काही पोटात गेलं आणि माणूस शुद्धीत, श्वास नीट असेल तर १-८००-२२२-१२२२ हा पॉयझन कंट्रोलचा फोन चोवीस तास चालू असतो. मन फार खचलेलं असेल, जिवाचं बरंवाईट करावंसं वाटत असेल तर ९८८. हे दोन्ही त्याच कागदावर लिहा.

फोडणी आणि अलार्म

अलार्म ओरडतो म्हणून बॅटरी काढून ड्रॉवरमध्ये टाकलेली घरं मला खुणेनं ओळखता येतात. छतावर रिकामी गोल चकती असते आणि खाली लसणीची फोडणी. हे बंद करा. अलार्म शेगडीपासून किमान दहा फूट लांब हवा. तसा नसेल तर जागा बदला. फोटोइलेक्ट्रिक प्रकारचा स्वयंपाकाच्या धुराला जरा कमी भडकतो. त्यावर ‘हश’ची कळ असते, ती दाबली की थोडा वेळ गप्प बसतो. चिमणी बाहेर धूर फेकणारी आहे की तोच धूर पुन्हा तुमच्याच तोंडावर फेकणारी, तेही बघा. नव्या घरांतसुद्धा बिल्डर दुसऱ्या प्रकारची बसवून मोकळा होतो.

अलार्म हवेत प्रत्येक बेडरूममध्ये, बेडरूमबाहेर आणि बेसमेंट धरून प्रत्येक मजल्यावर. महिन्यातून एकदा कळ दाबून बघायची. दहा वर्षं झाली की अख्खा अलार्म बदलायचा, बॅटरी नव्हे. २०१४-१५ च्या सुमारास ब्रॅम्बलटनला नवं घर घेतलेल्यांनो, तुमची मुदत संपली. मागे तारीख छापलेली असते. काउंटीचं फायर-रेस्क्यू खातं रहिवाशांना अलार्म तपासून देतं आणि गरज असेल तिथे फुकट बसवूनही देतं. त्यांच्या संकेतस्थळावर मागणी नोंदवा. माणसं येतात, शिडी आणतात, बुटांवर कव्हर घालतात. आपले लोक फुकट म्हटलं की उगाच शंका घेतात. यात काही विकत नाहीत.

घर गरम करणारी गॅसची भट्टी, गॅसचं गीझर, फायरप्लेस किंवा घराला लागून गॅरेज असेल तर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्मही लागतोच. या वायूला वास नाही. सगळ्या घराचं एकदमच डोकं दुखायला लागलं, मळमळायला लागलं, तर अपचन समजू नका. बाहेर पडा आणि फोन करा.

दिवाळीच्या आधी चकल्या-करंज्यांच्या दिवसांत तेलाची आग ठरलेली. कढई पेटली तर गॅस किंवा बर्नर बंद, वरून झाकण सरकवायचं, आणि थंड होईपर्यंत उघडून बघायचं नाही. पाणी अजिबात नाही. पाणी तेलाखाली जातं, क्षणात वाफ होऊन सुमारे सतराशे पट फुगतं आणि जळतं तेल छतापर्यंत उडवतं. पेटलेली कढई उचलून अंगणात पळायचं नाही, ते तेल हातावर येतं. झाकण जवळ ठेवा, म्हणजे शेगडीवर वाकून शोधावं लागणार नाही.

आणि ती गॅरेजमधली दुसरी शेगडी. मला माहितेय, तळणाचा वास घरात नको म्हणून अर्ध्या अ‍ॅशबर्ननं प्रोपेनची शेगडी गॅरेजमध्ये मांडलीय. शेजारी गवत कापायच्या यंत्राचं पेट्रोल, रिकामी खोकी, आणि थंडी म्हणून दार खाली ओढलेलं. प्रोपेन हवेपेक्षा जड. गळला तर जमिनीलगत साचून राहतो आणि ठिणगीची वाट बघतो. शेगडी बाहेर मोकळ्यावर न्या, भिंतीपासून लांब, आणि सिलिंडर घरात किंवा गॅरेजमध्ये ठेवू नका. इथल्या बहुतेक घरांना व्हायनिलचं आवरण असतं, ते वितळतं, पेटतं आणि शेजाऱ्याकडे पोचतं.

रात्री झोपताना बेडरूमची दारं बंद. आपल्याला उघडी ठेवायची सवय, मुलांचा आवाज यावा म्हणून. पण बंद दार धूर आणि धग बराच वेळ अडवतं. फोमचे सोफे आणि गालिचे असलेली आजची खोली चारपाच मिनिटांत पूर्ण पेट घेते, आणि इथल्या बहुतेक घरांत स्प्रिंकलर नसतात. बाहेर भेटायची जागा ठरवा. समोरचा पोस्टाच्या पेट्यांचा खांब चांगला. बाहेर पडल्यावर पासपोर्टसाठी, मंगळसूत्रासाठी, कशासाठीही परत आत नाही. कुणी आत राहिलंय का, एवढंच पहिल्या जवानाला सांगा.

गॅसचा वास आला तर

१६ फेब्रुवारी २०२४ ला स्टर्लिंगमध्ये एका घराशी गॅसचा वास येतो म्हणून जवान गेले. जमिनीखालच्या ५०० गॅलनच्या प्रोपेनच्या टाकीतून गळती होती. ते आत असतानाच घराचा स्फोट झाला. एका स्वयंसेवक जवानाचा जीव गेला आणि अनेक जखमी झाले. मुंबईच्या गोदीतल्या स्फोटात १४ एप्रिल १९४४ ला अग्निशमन दलाच्या ६६ जवानांचा जीव गेला, त्यांच्यासाठी भारतात तो दिवस पाळतात. स्टर्लिंगच्या त्या रात्रीनंतर मला त्या तारखेचं वजन वेगळं वाटतं.

म्हणून कुजक्या अंड्यासारखा वास आला की दिवा लावू नका, बंदही करू नका. गॅरेजचं दार बटणानं उघडू नका. आतून फोन करू नका. सगळ्यांना घेऊन चालत लांब जा आणि तिथून ९११. थोडासाच वास आहे, आधी आपण खिडक्या उघडून बघू, असं करू नका.

सणवार

फटाक्यांबद्दल व्हर्जिनियाचा नियम साधा आहे. जे फुटतं, हवेत वर जातं, जमिनीवर सरपटत जातं किंवा गोळे फेकतं, ते परवान्याशिवाय बेकायदा. म्हणजे लवंगी माळ, बाण, सुतळी बॉम्ब विसरा. फुलबाज्या, पाऊस, भुईचक्र चालतात, तेही स्वतःच्या किंवा मालकानं परवानगी दिलेल्या जागेत. एचओएचं मैदान म्हणजे तुमचं अंगण नव्हे. विझलेल्या फुलबाज्यांच्या तारा पाण्याच्या बादलीत रात्रभर बुडवून ठेवा आणि मगच कचऱ्यात. गॅरेजमधल्या प्लॅस्टिकच्या डब्यात गरम तारा टाकून झोपलात की पहाटे आम्ही येतो. आकाशकंदील दोरीला टांगलेला, आत विजेचा दिवा, तर बेलाशक लावा. पेटवून हवेत सोडायचे कंदील मात्र चालत नाहीत.

होळी नेमकी इथल्या वणव्याच्या हंगामात येते. १५ फेब्रुवारी ते ३० एप्रिल, जंगल, झुडपं किंवा वाळलेल्या गवतापासून ३०० फुटांच्या आत दुपारी चारच्या आधी काही पेटवायचं नाही, असा राज्याचा कायदा आहे. मंडळाची होळी असेल तर फायर मार्शलच्या, म्हणजे आगीचे नियम बघणाऱ्या अधिकाऱ्याच्या, कचेरीत आधी विचारा. गणपतीला ९०० चौरस फुटांपेक्षा मोठा मांडव घालायचा किंवा तंबूत पन्नासांहून जास्त माणसं बसवायची, तर परवाना लागतो. फायर मार्शल खडूस असतो अशी एक समजूत आहे. आठवडाभर आधी फोन करणाऱ्यांशी तो गोड बोलतो. आरतीच्या आदल्या संध्याकाळी फोन करणाऱ्यांचं मी सांगत नाही.

घरात होम करायचा असेल तर अलार्म झाकू नका. लहान कुंड, खाली वाळूचा थर, खिडक्या उघड्या, चिमणी चालू, आणि तूप ओतायला भटजींना जरा हात आखडता घ्यायला सांगा. राख धातूच्या झाकणाच्या डब्यात, घरापासून लांब. निखारे राखेत दिवसचे दिवस जिवंत राहतात.

घराभोवती पसरलेला लाकडी भुसा, म्हणजे मल्च, सिगारेटच्या थोटकानं धुमसत राहतो आणि तासाभरानं भिंत पेटवतो. आणखी एक, जे भारतातून आलेल्यांना माहीत नसतं. डेकला तेलकट स्टेन लावल्यावर त्या चिंध्यांचा बोळा करून टाकला तर तो काडी न लावता आपोआप पेटतो. तेल वाळताना उष्णता निघते आणि बोळ्यात ती कोंडते. चिंध्या पाण्यानं भरलेल्या धातूच्या डब्यात ठेवा.

रस्ता आणि दार

सायरन ऐकू आला की उजवीकडे घेऊन थांबायचं. जागच्या जागी गोंधळून थांबणं हे त्याहून वाईट. घराचा नंबर रस्त्यावरून रात्री दिसला पाहिजे. वेल चढवून झाकलेला पितळी नंबर शोभेचा असतो, आमच्या उपयोगाचा नसतो. बर्फ पडला की आपल्या दारासमोरचा हायड्रंट, म्हणजे बंबाला पाणी देणारा रस्त्याकडेचा नळ, मोकळा करा. पश्चिमेला जमीन घेऊन घर बांधताय? तिकडे बऱ्याच ठिकाणी हायड्रंटच नाहीत. पाणी टँकरनं आणावं लागतं किंवा तळ्यातून उपसावं लागतं. म्हणून ड्राइव्हवे आणि तिच्यावरचा पूल टँकरचं वजन पेलेल असा हवा. झाडांच्या फांद्या छाटा. आर्किटेक्ट हे सांगत नाही, त्याला सूर्यास्ताचं दृश्य दाखवायचं असतं.

‘अलर्ट लाउडन’वर नाव नोंदवा. वादळ, पूर, रस्ते बंद, सगळं फोनवर येतं.

तुम्हीही या

स्वयंसेवकांची इथे गरज कायम असते. शिक्षण फुकट मिळतं. ईएमटीचा अभ्यास काही महिन्यांचा असतो, संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी. व्हर्जिनियात सोळाव्या वर्षापासून पालकांच्या संमतीनं शिकता येतं. बारावीतल्या मुलांचे आईबाप “कॉलेजच्या अर्जाला चालेल ना?” असं विचारत येतात. चालेल हो, पण मुलगा पहाटे तीनला उलटी पुसणार आहे, याची त्यालाही कल्पना द्या. त्यातले काही टिकतात आणि फार छान टिकतात. भारतात डॉक्टर, नर्स असलेल्या आणि इथे नोकरीची परवानगी नसलेल्या बायका घरात बसून कंटाळलेल्या मला दिसतात. ही विनावेतन सेवा आहे. व्हिसाच्या अटींबद्दल वकिलाला एकदा विचारून घ्या आणि या. रक्त बघवत नसेल तर हिशेब, गाड्यांची नोंद, देणग्यांची पत्रं, हेही कुणीतरी करावं लागतं. पार्श्वभूमीची तपासणी होते, तेवढे आठवडे धीर धरा.

स्टेशन बघायला मुलांना घेऊन यायचं असेल तर आधी वेळ ठरवा, आणि मध्येच घंटा वाजली तर गाड्यांच्या दारासमोरून मुलं बाजूला घ्या. ऑक्टोबरात आग प्रतिबंध सप्ताह असतो, तेव्हा बऱ्याच स्टेशनांवर उघडं दार असतं.

खाऊ आणायचा असेल तर काही ठिकाणी फक्त दुकानातला बंद डबा घेतात, म्हणून आधी विचारा. आमच्याकडे घरचं चालतं. डिंकाचे लाडू गेल्या हिवाळ्यात रात्रपाळीत एका बैठकीत संपले. शेंगदाण्याची चिक्की किंवा दाण्याचे लाडू असतील तर डब्यावर ‘पीनट’ असं ठळक लिहा, आमच्यातल्या दोघांना चालत नाही. आणि डब्यावर स्वतःचं नाव घाला. न्यायला कुणी येत नाही म्हणून आमच्या कपाटात स्टीलचे चार डबे पडून आहेत.